पॉझिट्रॉन, अँडरसन आणि शिशाची पट्टी: परभणीत क्लाउड चेंबर लावायचंय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीत परभणीला अकरावी-बारावीच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे. विषय ठरलाय: कार्ल अँडरसन आणि पॉझिट्रॉनचा (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण) शोध. नुसते तक्ते टांगण्याऐवजी चालू क्लाउड चेंबर (विश्वकोशवाले बाष्पकोठी म्हणतात) टेबलावर ठेवायचा विचार आहे. काचेची पेटी तयार आहे, तळ ३० बाय २० सेंमी, उंची २० सेंमी. खाली बर्फ आणि खडेमीठ, आत वरच्या बाजूला स्पंजला अल्कोहोल लावलंय. तळपत्रा उणे १४ पर्यंत जातो. टॉर्चच्या उजेडात धुकं दिसायलंय, पण भारित कण गेल्यावर धुक्यात उमटते ती रेघ एकही दिसेना. काय चुकतंय? आणि या पेटीत पॉझिट्रॉन दाखवता येईल का?

तेरणा

सर, अल्कोहोल कोणतं घेतलंय? आणि पेटी काचेचीच आहे का? अ‍ॅक्रिलिक असेल तर अल्कोहोलच्या वाफेनं बारीक तडे जातात आणि आतलं दिसेनासं होतं.

गोदाकाठ

काचच आहे. अल्कोहोल हात धुवायच्या सॅनिटायझरच्या कॅनमधलं, त्यावर ७० टक्के लिहिलंय.

तेरणा

मग दोन्हीकडून अडलंय. त्या सत्तर टक्क्यांतलं उरलेलं बहुतेक पाणी. ते आधी थंड होऊन तळाला दंव धरतं आणि अल्कोहोलच्या वाफेचा थर नीट बसत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच घ्या, मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला वापरतात ते. सॅनिटायझर जेलचं असेल तर त्यात घट्टपणा आणणारी द्रव्यंही असतात, ते तर अजिबात नको.

दुसरी अडचण थंडाव्याची. बर्फ-मीठ कितीही नीट कालवलं तरी उणे २१ च्या खाली जात नाही, हाताशी येतात उणे १२ ते १५. रेघा दिसायला तळ निदान उणे २६ ते ३० हवा, त्याहून थंड असेल तर उत्तम. म्हणजे कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) लागणार. तो उणे ७८.५ अंशाला असतो, आणि आयसोप्रोपिल गोठतं उणे ८९ ला, म्हणून तळाशी ते द्रवच राहतं.

खाम

रचना सविस्तर लिहितो, कारण बारीक गोष्टींवरच सगळं अवलंबून आहे.

तळाला ३ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, पेटीपेक्षा चारही बाजूंनी २ सेंमी मोठा. वरचा भाग काळा हवा, नाहीतर पांढरे थेंब दिसणार नाहीत. साधा ऑइलपेंट अल्कोहोलनं सुटतो आणि पापुद्रे निघतात. त्यापेक्षा काळी इन्सुलेशन टेप शेजारी शेजारी ताणून लावा, बुडबुडा राहू देऊ नका. जिथं हवा अडकते तिथं पत्र्याचा थंडावा वर पोचत नाही आणि तेवढाच डाग कोरा राहतो.

पेटी उलटी करून पत्र्यावर ठेवायची, म्हणजे तिचा बंद तळ आता छत झाला. छताला आतून फेल्टची ४ सेंमी रुंद पट्टी चारही कडांनी. गोंदाने चिकटवू नका, अल्कोहोल गोंद विरघळवतं. तांब्याच्या तारेने किंवा छोट्या चुंबकांनी धरा. पट्टीवर ३० ते ४० मिली अल्कोहोल सोडा, थेंब गळायला लागले की थांबा. काच आणि पत्रा यांच्या फटीत दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची टेप. त्यावरही हवा येत असेल तर मुलांची प्लास्टिसिन माती दाबून भरा.

पत्र्याखाली थर्माकोलचा ट्रे, त्यात कोरड्या बर्फाच्या चपट्या लाद्या. गोळ्या मिळाल्या तर कापडात घालून चुरा करा आणि सपाट पसरा, पत्रा सगळीकडे टेकला पाहिजे. या आकाराला एका बैठकीला ३ किलो पुरतो, दोन-अडीच तास. ट्रेला झाकण घट्ट लावायचं नाही, कोरड्या बर्फाचा वायू होतो आणि बंद डबा फुटतो.

पत्रा पाणसळीत आहे का ते सुताराची पाणसळ ठेवून बघा. एका कडेला उतार राहिला तर तिकडे अल्कोहोल साचतं आणि उरलेला भाग पातळ पडतो.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा. एलईडी टॉर्च पत्र्यापासून १ ते २ सेंमी उंचीवर, जवळजवळ आडवी धरा, आणि तुम्ही टॉर्चच्या समोरच्या बाजूने तिरकं वरून बघा. वरून सरळ उजेड टाकला तर सगळी पेटी पांढरट दिसते. खोलीत अंधार हवा, पंखा बंद, आणि कुलर तर मुळीच नको. कुलरची दमट हवा फटीतून आत गेली की पाण्याचं दंव बसतं, आणि काचेला बाहेरून घाम धरतो.

खाम

राहिलं ते: सुरू केल्यावर पहिली १० ते १५ मिनिटं नुसता पाऊस पडतो, म्हणजे धूळ आणि आधीचे आयन धरून थेंब खाली येतात. घाईने झाकण उघडू नका, उघडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाऊस निवळला की पत्र्याच्या वर जेमतेम १ सेंमीचा थर कामाचा उरतो. अर्ध्या तासानंतरही पाऊस थांबेना तर हवा गळतेय किंवा छत फार गरम आहे. काहीच दिसेना, पाऊसही नाही, तर फेल्ट कोरडी झालीय किंवा बर्फ पत्र्याला टेकत नाही.

दुधना

कोरडा बर्फ जिथं मिळणं अवघड तिथं पेल्टियर (वीज दिली की एक बाजू थंड, दुसरी गरम होणारी चकती) चालतं, पण खिडकी, म्हणजे रेघा दिसतील तेवढी जागा, लहान मिळते. टीईसी१-१२७०६ या ४ सेंमी चौरस चकत्या दोन, एकावर एक. खालच्या चकतीला १२ व्होल्ट, वरच्या चकतीला ५ व्होल्ट. वरच्या चकतीने फेकलेली उष्णता खालचीनेच उचलायची असते, म्हणून वरचीला कमी ताकद. दोन्हींना सारखे १२ व्होल्ट दिले तर खालची बुडते आणि उलट तापमान वाढतं. जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) दोन्ही व्होल्टेज असतात, १०० वॉटच्या आसपास भार धरा.

गरम बाजू सांभाळणं हे खरं काम. मे महिन्यात लातूर-बीडकडे टाकीचं पाणीच ३५ अंशांवर असतं. अ‍ॅल्युमिनियमचा पाणी-ब्लॉक लावून बादलीतलं बर्फाचं पाणी कुलरच्या पंपाने फिरवा. पंप बंद पडला आणि चकती चालू राहिली तर मिनिटभरात सोल्डर सुटतो आणि चकती जाते, म्हणून आधी पंप, मग चकती, आणि बंद करताना उलटा क्रम. मध्ये थर्मल पेस्ट पातळ लावा, जाड थर उष्णता अडवतो. जानेवारीत हे सगळं कितीतरी सोपं जातं.

३० बाय २० च्या पेटीसमोर मात्र ४ सेंमीची खिडकी फिकी पडते. वीस मुलं एकदम बघणार असतील तर कोरडा बर्फच.

मन्याड

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबवर जाऊन द्यावं लागेल, कारण प्रदर्शनाचा जीव त्यातच आहे.

अँडरसनचा जन्म ३ सप्टेंबर १९०५, न्यूयॉर्क. आईवडील स्वीडनहून आलेले. लहानपणीच घर लॉस एंजेलिसला गेलं, आणि पुढचं सगळं शिक्षण-संशोधन कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी). १९२७ ला पदवी, १९३० ला मिलिकन यांच्या हाताखाली डॉक्टरेट. मिलिकन म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार मोजणारे. त्यांना वैश्विक किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांची, ऊर्जा मोजायची होती. त्यासाठी उभं क्लाउड चेंबर एका दणकट विद्युतचुंबकात बसवलं. वीज शेकडो किलोवॉट लागायची, आणि क्षेत्र १५,००० गॉस, म्हणजे दीड टेस्ला.

चुंबकीय क्षेत्रात भारित कण वळतो. ऋण एकीकडे, धन दुसरीकडे. छायाचित्रांत दोन्हीकडे वळणाऱ्या रेघा जवळजवळ सारख्या संख्येने आल्या, आणि इथं वाद पेटला. धन कण म्हणजे तेव्हा फक्त प्रोटॉन माहीत. पण मंद प्रोटॉनची रेघ जाड, दाट थेंबांची असते, आणि या रेघा इलेक्ट्रॉनसारख्या बारीक. अँडरसनचं म्हणणं, हे खालून वर जाणारे साधे इलेक्ट्रॉन असतील. मिलिकन म्हणाले, वैश्विक किरण वरून खाली येतात, तेव्हा हे प्रोटॉनच.

बिंदुसरा

दादा, इथं मला एक अडलं. वळण कुठल्या बाजूला हे बघून भार धन की ऋण ते कळतंच ना? मग वाद कशाचा?

मन्याड

ताई, कण कुठून कुठे गेला हे माहीत असेल तरच कळतं. छायाचित्रात फक्त कंस दिसतो, त्यावर बाण नसतो. वरून खाली जाणारा धन कण आणि खालून वर जाणारा ऋण कण एकाच बाजूला वाकलेला कंस काढतात. रेडिअमसारख्या स्रोतांवर काम करणाऱ्या इतर प्रयोगशाळांतही असे कंस आधी दिसले होते. जोलिओ-क्युरी दांपत्याने ते स्रोताकडे परत येणारे इलेक्ट्रॉन म्हणून सोडून दिले.

अँडरसनने चेंबरच्या मधोमध ६ मिमी जाडीची शिशाची आडवी पट्टी बसवली. कण शिशातून गेला की ऊर्जा हरवतो, म्हणजे पलीकडे त्याचा संवेग (गतीचा जोर) कमी आणि वळण जास्त तीव्र. ज्या बाजूला कंस जास्त वाकलेला, ती बाहेर पडण्याची बाजू. बाण मिळाला.

२ ऑगस्ट १९३२ चं ते प्रसिद्ध छायाचित्र बघा. पट्टीच्या खाली कंस सौम्य, वर जास्त वाकलेला. म्हणजे हा कण खालून वर गेला! आणि त्या दिशेने त्याचं वळण धन भाराचं. वरून खाली येणारे प्रोटॉन हेही खोटं, वर जाणारे इलेक्ट्रॉन हेही खोटं.

आता आकडे. मुलांकडून हे करून घ्या, कॅल्क्युलेटरही लागत नाही. एकक भार असेल तर संवेग (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापात) = ३ × क्षेत्र टेस्लामध्ये × त्रिज्या सेंमीमध्ये. पट्टीखालची त्रिज्या १४ सेंमी: ३ × १.५ × १४ = ६३. वरची ५ सेंमी: ३ × १.५ × ५ = २२.५. अँडरसनच्या लेखातले आकडे हेच, ६३ आणि २३ दशलक्ष.

मग हा प्रोटॉन का नाही? ५ सेंमी त्रिज्येत वळणारा प्रोटॉन असता तर त्याची ऊर्जा जेमतेम ०.३ दशलक्ष भरली असती, आणि तो हवेत अर्धा सेंमीच चालला असता. छायाचित्रातली रेघ वरच्या बाजूला ५ सेंमीहून लांब आहे, आणि वाकण्यात फरकही पडत नाही. दहापट तफावत आहे, डोळ्याची चूक म्हणून टाळता येत नाही. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या जवळपासचंच असणार.

बिंदुसरा

समजलं. म्हणजे शोध त्या शिशात आहे, चेंबरमध्ये तितकासा नाही.

मन्याड

आणि चिकाटीत. १९३३ च्या लेखात १,३०० छायाचित्रांचा हिशेब आहे. त्यांत प्रोटॉनहून हलक्या धन कणाच्या रेघा १५. तेव्हाच्या चेंबरमधली हवा एकदम फुगवून थंड केली की क्षणभर रेघा उमटायच्या; हे अंदाजाने करायचे, कण आला तर आला. त्याच काळात केंब्रिजला ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांनी गायगर मोजणी-नळ्या वर-खाली लावून कण गेला की चेंबर आपोआप फुगेल अशी जोडणी केली, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत पॉझिट्रॉनवर शिक्कामोर्तब केलं. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून असा कण निघत होता, १९३१ ला त्याने तसं लिहिलंही होतं. पण अँडरसन ते डोळ्यांपुढे ठेवून शोधत नव्हता. तक्त्यावर 'डिरॅकच्या भाकितावरून शोध लावला' असं लिहू नका, ते चूक आहे.

इलेक्ट्रॉनला 'निगेट्रॉन' म्हणावं असंही अँडरसनने सुचवलं होतं. ते नाव टिकलं नाही, पॉझिट्रॉन टिकलं.

गोदाकाठ

फार मोलाचं लिहिलंत. तक्त्यावरचं ते वाक्य आजच काढतो. मग आमच्या पेटीजवळ निओडिमियमचे चुंबक लावले तर पॉझिट्रॉनचं वळण दिसेल का?

खाम

नाही, आणि मुलांना तसं सांगूही नका. निओडिमियमच्या पृष्ठभागावर ०.३ ते ०.५ टेस्ला असतात, पण दोन सेंमी दूर गेलं की क्षेत्र झपाट्याने पडतं. पेटीतल्या थरात ०.१ टेस्ला मिळाले तरी पुष्कळ. मन्याड यांचंच सूत्र उलटं वापरा. वैश्विक किरणांतल्या १,००० च्या संवेगाच्या कणाची त्रिज्या येते १,००० भागिले ०.३, म्हणजे ३,३०० सेंमी, ३३ मीटर. ३० सेंमीच्या पेटीत ती रेघ सरळच दिसणार.

बीटा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारा इलेक्ट्रॉन), संवेग १.४ च्या आसपास, त्याची त्रिज्या ५ सेंमीच्या आत येते, तो वाकलेला दिसेल. पण इतके हलके कण हवेतल्या अणूंना धडकून तसेही वेडेवाकडे जातात, त्यामुळे एका रेघेवरून धन-ऋण सांगणं प्रामाणिकपणाचं नाही. शिवाय चुंबक थंड पत्र्याच्या खाली लावला तर कोरडा बर्फ आणि पत्रा यांत अंतर पडतं आणि थंडावा तुटतो.

मन्याड

पण सर, तुमची पेटी अँडरसनपासून दूर नाही. त्यात ज्या लांब, सरळ, बारीक रेघा येतील त्या बहुतांश म्युऑनच्या. म्युऑनही अँडरसनचाच. सेथ नेडरमायर यांच्यासोबत चुंबक आणि चेंबर त्यांनी १९३५ ला कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, ४,३०० मीटर उंचीवर नेलं, आणि १९३६ ला इलेक्ट्रॉनहून जड, प्रोटॉनहून हलका कण जाहीर केला. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २०७ पट, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. त्याच वर्षी त्यांना पॉझिट्रॉनबद्दल नोबेल, व्हिक्टर हेस यांच्याबरोबर विभागून. वय ३१. स्टॉकहोमला जायला पैसे नव्हते, मिलिकन यांच्याकडून ५०० डॉलर उसने घेतले.

तेव्हा फलकावर 'पॉझिट्रॉन बघा' असं नको, 'अँडरसनचा दुसरा कण बघा' असं लिहा. खोटं काही नाही आणि डोळ्यांसमोर आहे.

दुधना

किती दिसतील याचा अंदाज आधीच देऊन ठेवा. दर चौरस सेंमीला मिनिटाला साधारण एक म्युऑन. तळहातातून सेकंदाला एखादा. तुमच्या ६०० चौरस सेंमीतून मिनिटाला ६०० जातात, पण बहुतेक वरून उभे येतात आणि १ सेंमीच्या थरात त्यांचा ठिपका किंवा आखूड फराटाच उठतो. लांब रेघ तिरप्या कणाचीच. म्हणून बघणाऱ्याला एका जागी नजर लावून एक मिनिट थांबायला सांगा, नाहीतर 'काहीच नाही' म्हणून पुढे जातात.

तेरणा

रेघा ओळखायची खूण: जाड, सरळ, ४-५ सेंमीत संपणारी ती अल्फा कणाची (हेलियमचं अणुकेंद्र), बहुधा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची. बारीक आणि वाकडीतिकडी ती मंद इलेक्ट्रॉनची. बारीक, सरळ, लांब ती म्युऑन. रेडॉनच्या रेघा वाढवायच्या तर फुगा लोकरीवर घासून बंद खोलीत अर्धा-पाऊण तास टांगा, मग हवा सोडून लगेच पेटीत ठेवा. तासाभरात जोर ओसरतो, म्हणून दर फेरीला नवा फुगा.

वेल्डिंगची लाल टोकाची टंगस्टन कांडी (त्यात दोन टक्के थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं) पण चालते, अख्खी ठेवायची. घासायची, कापायची नाही, तिची धूळ श्वासात जाता कामा नये. गॅसबत्तीची जुनी जाळी वापरू नका, हात लावला की चुरा होतो.

सुरक्षेचं दोन ओळीत. अल्कोहोल १२ अंशांच्या वरच पेट घेतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. उदबत्ती, मेणबत्ती, दीपप्रज्वलन पेटीपासून लांब. कोरडा बर्फ उघड्या हाताने उचलू नका, चामडी हातमोजे घाला. खोलीची खिडकी उघडी हवी, फक्त वारा थेट पेटीवर नको. संभाजीनगरहून आणणार असाल तर काचा बंद केलेल्या गाडीत मुळीच नाही, वायू साचून गुदमरायला होतं. थर्माकोलच्या खोक्यातसुद्धा दिवसाला २ ते ४ किलो उडून जातो, म्हणून ३ किलो लागत असेल तर ६ किलो मागवा आणि त्याच दिवशी सकाळी आणा.

बिंदुसरा

तक्त्यावर आपल्याकडची नावं असावीत असं मनापासून वाटतं. होमी भाभांचं १९३५ चं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचं गणित आजही भाभा स्कॅटरिंग म्हणूनच ओळखलं जातं. आणि बिभा चौधुरी. देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग भागात उंचावर छायाचित्रण-पट्ट्या ठेवून वैश्विक किरणांतल्या मेसोट्रॉनचं (इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वस्तुमानाच्या कणाचं तेव्हाचं नाव) वस्तुमान मोजलं, 'नेचर'मध्ये छापलं. युद्धामुळे चांगल्या पट्ट्या मिळेनात आणि काम अडलं. पुढे सुधारित पट्ट्यांवर ब्रिस्टलला पॉवेल यांच्या गटाने १९४७ ला पायॉन हा तसाच मधल्या वस्तुमानाचा कण शोधला आणि १९५० ला नोबेल मिळालं. मुली बघायला येणार आहेत, हे नाव मोठ्या अक्षरात हवं.

गोदाकाठ

नक्की, ताई. आणखी एक: औंढ्याच्या लायगो वेधशाळेमुळे लोक हमखास विचारणार की तिथं असेच कण पकडणार का. काय सांगावं?

मन्याड

नाही म्हणायचं. लायगो कण मोजत नाही, गुरुत्वीय लहरींनी ४ किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक लेसरने मोजतं. दोन्हींत सारखं एकच: यंत्रातला गोंधळ कोणता आणि खरी खूण कोणती हे आधी वेगळं करावं लागतं.

पेटीशेजारी एक नमुना ठेवा. १७ सेंमी चौरस पांढरा पुठ्ठा (अँडरसनचं चेंबर १७ बाय १७ चं होतं), मधोमध ६ मिमी रुंद काळी पट्टी. जाड तारेचे दोन कंस वाकवा, एक १४ सेंमी त्रिज्येचा, दुसरा ५ चा. ५ सेंमी जीवेवर मधला फुगवटा पहिल्याचा सव्वादोन मिमी येतो, दुसऱ्याचा पावणेसात मिमी. मुलांनी फूटपट्टीने मोजून त्रिज्या काढायची: जीवेचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, अधिक फुगवट्याचा निम्मा. मग तारा काढून घ्या, पुठ्ठा उलटा करा आणि पुन्हा लावायला सांगा: कण वर गेला की खाली? बाण काढा.

गोदाकाठ

९९ टक्क्यांचं अल्कोहोल आणि कोरडा बर्फ लावून चाचणी केली. पाऊस सोळाव्या मिनिटाला थांबला, रेघा येऊ लागल्या, फुगा ठेवल्यावर तर जाड रेघांची गर्दी झाली. फक्त पूर्वेकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोरी राहते.

खाम

त्या कोपऱ्याखाली लादी टेकत नसेल किंवा टेपखाली हवा असेल. आधी लाद्यांच्या फटीत चुरा भरून बघा. तरी कोरीच राहिली तर टेप तेवढीच सोलून पुन्हा ताणून लावा.